ज्यू धर्मात 'देव मान' अशी आज्ञा आहे का?

वाटसरू_नाशिक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी धागाच काढतोय. गेले काही महिने ज्यू धर्माविषयी जमेल तसं वाचतोय आणि एका जागी येऊन पार अडकलोय.

त्यांच्या धर्मात एकूण ६१३ आज्ञा मानतात, एका आज्ञेला मित्स्वा म्हणतात. २४८ 'कर' आणि ३६५ 'करू नको'. शनिवारी काम करू नको, शेताचा कोपरा कापायचा नाही तो गरिबांसाठी सोडायचा, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवायची नाही, असं सगळं. माझा प्रश्न साधा होता, की या ६१३ मध्ये 'देवावर विश्वास ठेव' ही आज्ञा आहे का? मला वाटलं पहिल्याच पानावर सापडेल. तर याच्यावर आठ-नऊशे वर्षं भांडण चालू आहे आणि भांडणारे सगळे कट्टर श्रद्धाळू लोक! देव आहे यावर कुणाचंच दुमत नाही, वाद आहे तो ही आज्ञा म्हणून मोजायची की नाही यावर.

भांडणाचं मूळ एका वाक्यात आहे. सिनाय पर्वतावर जी दहा वचनं झाली त्यातलं पहिलं असं: 'मी तुझा देव परमेश्वर, ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं.' (मिसर म्हणजे इजिप्त.) बस. यात 'कर' कुठे आहे? 'मान' कुठे आहे? आपण 'दहा आज्ञा' म्हणतो पण हिब्रूत त्यांना 'आसेरेत हादिब्रोत' म्हणतात, म्हणजे दहा वचनं, दहा बोल. बरेच ख्रिश्चन लोक या वाक्याला प्रस्तावना धरतात आणि मोजणी पुढून करतात, ज्यू मात्र हेच पहिलं वचन धरतात.

आता रामबाम, म्हणजे मोशे बेन मैमोन (जन्म ११३८ कोर्दोबा, मृत्यू १२०४ इजिप्त), ज्यूंच्या कायद्याचा सगळ्यात मोठा संकलक. त्यानं ६१३ ची यादी केली त्यात पहिली आज्ञा हीच, देव आहे हे मानणं. पण त्याच्या आधीची, नवव्या शतकातली 'हलाखोत गेदोलोत' नावाच्या ग्रंथाची जी यादी आहे तिच्यात ही आज्ञा नाहीच. आणि रामबामनंतर दोनेकशे वर्षांनी स्पेनमध्ये हासदाय क्रेस्कास म्हणून विचारवंत झाला, त्यानं १४१० मध्ये पुरा केलेल्या 'ओर अदोनाय' ग्रंथात सरळ लिहिलं की ही घोडचूक आहे. त्याचं म्हणणं, आज्ञा म्हटली की आज्ञा देणारा आधी मान्य असावा लागतो. जो मलाच मानत नाही त्याला 'मला मान' असा हुकूम मी कसा देणार, तो ऐकेलच का, आणि ऐकत असेल तर तो आधीच मानतोय, मग हुकमाची गरज काय. दुसरा मुद्दा त्याहून टोकदार: हुकूम त्याच गोष्टीचा देता येतो जी करणं न करणं आपल्या हातात आहे. हात उचल म्हटलं तर उचलता येतो, पण 'पटवून घे' म्हटलं तर पटतं का?

मला क्रेस्कास बरोबर वाटतो, पण मग रामबामसारख्या माणसाला एवढं साधं कळलं नसेल हेही पटत नाही. जाणकारांनी लिहा प्लीज.

मंजिरी_के

छान विषय. रामबामच्या बाजूनं एक गोष्ट सांगते. त्यानं हे स्वतःच्या मनानं नाही काढलेलं, त्याला तालमूदचा, म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथाचा आधार आहे, त्यातल्या मक्कोत नावाच्या भागात. तिथे आधी रब्बी (धर्मगुरू) सिमलाय सांगतात की मोशेला (हा बायबलमधला मोशे, रामबाम नव्हे) ६१३ आज्ञा मिळाल्या, ३६५ वर्षाच्या दिवसांइतक्या आणि २४८ शरीराच्या अवयवांइतक्या. मग विचारलंय की याला आधार कुठला? उत्तर असं: 'मोशेनं आम्हाला तोरा दिली' असं वचन आहे (तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं). हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि तोरा शब्दाची बेरीज करा, ताव ४००, वाव ६, रेश २००, हे ५. झाले ६११. दोन कमी पडतात. ते दोन मोशेनं दिलेले नाहीत, ते लोकांनी थेट देवाच्या तोंडून ऐकले, 'मी तुझा देव' आणि 'दुसरे देव तुला नसोत'. म्हणजे ६१३ चा हिशोब जुळवायचा तर 'मी तुझा देव' ही आज्ञाच धरावी लागते, असा रामबामचा युक्तिवाद.

आणि मूळ मजकूर उघडून बघा, मी मुद्दाम बघितला. पहिल्या दोन वचनांत देव 'मी' म्हणून बोलतो. तिसऱ्यापासून 'तुझा देव परमेश्वर याचं नाव व्यर्थ घेऊ नकोस' असं, देवाबद्दल दुसरंच कुणीतरी सांगतंय असं वाक्य होतं. म्हणजे बोलणारा बदलला. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

वाटसरू_नाशिक

मंजिरीताई, हे 'मी' चं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पण क्रेस्कासकडे यालाही उत्तर आहे. तो म्हणतो थेट ऐकलेल्या दोन म्हणजे 'दुसरे देव नसोत' आणि 'मूर्ती करू नकोस' या. आकडा तरीही जुळतोच.

कणाद

मला ज्यू धर्मातलं फार कळत नाही पण मीमांसा थोडी शिकलोय, आणि हा वाद वाचून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मीमांसकांचा सगळा जीव याच प्रश्नात, की वेदातलं कुठलं वाक्य विधी आहे आणि कुठलं नुसता अर्थवाद. 'यजेत' म्हणजे यज्ञ करावा, हा विधी. 'वायू हा वेगवान देव आहे' हा अर्थवाद, त्याला स्वतःचं बळ नाही, तो जवळच्या विधीला चिकटून त्याची थोरवी सांगतो. त्या नियमानं 'मी तुझा देव' हे वाक्य पुढच्या 'दुसरे देव नसोत' ला चिकटलं पाहिजे. म्हणजे मी तुझा देव आहे, मी तुला सोडवलंय, *म्हणून* दुसऱ्याकडे जाऊ नकोस.

पण एक मोठा फरकही आहे. मीमांसकांना ईश्वर लागतच नाही. वेद अपौरुषेय, कुणी उच्चारलेलेच नाहीत, त्यामुळे आज्ञा आहे पण आज्ञा देणारा नाही अशी स्थिती त्यांना चालते. आपल्याकडे 'नास्तिक' म्हणजे मनुस्मृतीच्या भाषेत वेदाची निंदा करणारा, देव न मानणारा असं नव्हे. ज्यूंना हे चालणार नाही. त्यांचं प्रत्येक व्रत 'ज्याने आम्हाला आज्ञा केली' असं म्हणून सुरू होतं ना? मग तो 'ज्याने' आधी आलाच. म्हणून मला क्रेस्कासचा पहिला मुद्दा बिनतोड वाटतो.

मंजिरी_के

हो, मित्स्वा करण्याआधी जी ब्रखा, म्हणजे आशीर्वचन म्हणतात तिच्यात 'ज्याने आपल्या आज्ञांनी आम्हाला पवित्र केलं आणि अमुक करण्याची आज्ञा केली' असं येतं. मेणबत्ती लावायची आहे, मात्सा (बिनखमिराची भाकरी) खायचाय, त्या त्या कामाचं नाव घालायचं. आणि गंमत बघा, 'विश्वास ठेवण्याची आज्ञा केली' अशी ब्रखा कुठेच नाही. पण हा पुरावा कच्चा आहे हे मीच सांगते, कारण दानधर्म करतानाही ब्रखा नसते आणि ती आज्ञा आहे यात कुणाला शंका नाही.

नदीकाठ

सगळे क्रेस्कास क्रेस्कास करताय, पण रामबामनं नेमकं लिहिलंय काय हे कुणी बघितलं का? मला इथे खरंच कळकळीनं लिहावंसं वाटतंय, कारण अर्धा वाद भाषांतराचा आहे.

रामबामनं आज्ञांची यादी लिहिली अरबीत, हिब्रू अक्षरं वापरून. तिथे त्यानं शब्द वापरला 'इअतिकाद'. हिंदी-उर्दू ऐकणाऱ्यांना एतकाद, अकीदा माहीत असेल, तोच. मूळ धातूचा अर्थ गाठ मारणं. मनात पक्की बसलेली गोष्ट. तेराव्या शतकात मोशे इब्न तिबोननं याचं हिब्रू केलं ते 'लेहाअमिन', विश्वास ठेवणं. आणि शेकडो वर्षं लोक हेच हिब्रू वाचत आले. विसाव्या शतकात येमेनमध्ये जन्मलेले रब्बी योसेफ काफिह यांनी पुन्हा मूळ अरबीवरून भाषांतर केलं, अरबी त्यांची घरची भाषा, त्यांनी लिहिलं 'लेदा', म्हणजे जाणणं.

आणि हे काही ओढूनताणून नाही. रामबामचा मोठा ग्रंथ 'मिश्ने तोरा' त्यानं स्वतःच हिब्रूत लिहिलाय, तिथे भाषांतर नाहीच मध्ये, आणि त्याचं पहिलंच वाक्य आहे: सर्व पायांचा पाया आणि सर्व ज्ञानांचा खांब म्हणजे हे *जाणणं* की एक आद्य अस्तित्व आहे. 'मानणं' नाही म्हटलं. आणि लगेच पुढे तो आकाशगोल सतत फिरतोय तर त्याला फिरवणारा कुणीतरी हवा, असा विचार मांडायला लागतो.

म्हणजे तो 'पटवून घे' म्हणत नाहीये. तो म्हणतोय, तुझा बाप सांगतो म्हणून मानलंस ना, ठीक, आता बस आणि विचार कर आणि जाणून घे. विश्वासाचा हुकूम देता येत नसेल पण अभ्यासाचा देता येतो, विचार करणं आपल्या हातात असतं. वाटसरू, क्रेस्कासचा दुसरा मुद्दा इथे बराच बोथट होतो असं मला वाटतं.

वाटसरू_नाशिक

नदीकाठ, हे वाचून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. खूप आभार. पण मग ज्याला विचार करूनही नाही पटलं, त्याचं काय? प्रामाणिकपणे बसला, अभ्यास केला आणि रिकाम्या हातानं उठला?

नदीकाठ

हा प्रश्न रब्बी एल्खोनोन वासरमननी अगदी असाच विचारलाय. लिथुएनियातले मोठे गुरू, १९४१ मध्ये नाझींच्या काळात कोव्हनोला मारले गेले. त्यांनी विचारलं की मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली की सगळ्या आज्ञा लागू होतात, म्हणजे ही पण. मग जिथे अॅरिस्टॉटलसारखा माणूस चुकला ते तेरा वर्षांच्या पोराला कसं जमावं? त्यांचं उत्तर असं की जग बघून त्याला कर्ता आहे हे उघड दिसतं, न दिसायचं कारण बुद्धी नव्हे तर वासना. लाच घेतलेल्या न्यायाधीशाला जसा खरा न्याय दिसत नाही तसं. म्हणून आज्ञा म्हणजे वासनेला आवर, मग आपोआप दिसेल.

मला स्वतःला हे उत्तर पटत नाही. जो मनापासून शोधतोय त्याला तू लाच खाल्लीस म्हणणं बरोबर नाही. पण प्रश्न त्यांनी टाळला नाही, पूर्ण ताकदीनं मांडला, याबद्दल आदर आहे.

पुणे_ते_हैफा

मी तीन वर्षं इस्राएलमध्ये हैफाला होतो कामानिमित्त. माझ्या लॅबमधला एक जण दर शुक्रवारी चारच्या आत निघायचा, काहीही झालं तरी, एकदा एक्सपेरिमेंट अर्धा टाकून गेला. घरी आई मेणबत्त्या लावते त्याच्या आधी पोचायचं असतं म्हणाला. मी विचारलं तू देव मानतोस? तर म्हणाला, माहीत नाही, पण त्याचा याच्याशी काय संबंध. मला तेव्हा तो उडवाउडवी करतोय असं वाटलं होतं.

नंतर येशायाहू लेबोविट्झ (१९०३ ते १९९४) यांच्याबद्दल वाचलं तेव्हा जरा उलगडलं. ते जेरुसलेमचे शास्त्रज्ञ, कडक आचार पाळणारे. ते म्हणायचे की ज्यूची श्रद्धा म्हणजे देवाबद्दलचं मत किंवा माहिती नव्हेच, आज्ञांचं जू मानेवर घेणं हीच श्रद्धा. म्हणजे आधी श्रद्धा आणि तिच्यातून आचार, असा क्रमच नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी १७८३ मध्ये मोझेस मेंडेल्सोहननी बर्लिनमधून लिहिलं होतं की मोशेच्या सगळ्या कायद्यात 'विश्वास ठेव' किंवा 'ठेवू नको' असं एकदाही येत नाही, सगळीकडे 'कर' आणि 'करू नको'.

मंजिरी_के

मेंडेल्सोहन इथे जरा पुढे जातात असं मला वाटतं. मिश्नातच (तालमूदचा गाभा असलेला जुना कायदेसंग्रह), सानहेद्रिन या भागाच्या दहाव्या अध्यायात, परलोकात वाटा नाही अशांची यादी आहे, त्यात पहिलाच कोण, तर मेलेले पुन्हा उठतील हे नाकारणारा. हा मताचाच भाग झाला ना? आणि त्याच जागी भाष्य लिहिताना रामबामनं तेरा तत्त्वं मांडली, ती पुढे 'यिगदाल' म्हणून पद्यात आली आणि आज सिनेगॉगमध्ये गातात. तेव्हा मताला किंमत नाही असं नाही म्हणता येणार.

पण दुसऱ्या बाजूला जेरुसलेम तालमूदमध्ये देवाच्याच तोंडी वाक्य आहे: त्यांनी मला सोडलं असतं तरी चाललं असतं, माझी तोरा पाळली असती तर. असं वाक्य देवाच्या तोंडी घालायची हिंमत!

कणाद

हे शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

वाटसरू_नाशिक

मला अजून एका गोष्टीकडे यायचंय, 'मिसर देशातून बाहेर आणलं' हे कशाला? कवी यहूदा हालेवीनं अब्राहाम इब्न एज्राला हाच प्रश्न विचारला होता, इब्न एज्रानं स्वतःच्या बायबलवरच्या भाष्यात तसं नोंदवलंय. की देवानं 'आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा' अशी ओळख का नाही दिली, ती तर जास्त मोठी.

मेखिल्ता नावाच्या जुन्या भाष्यात याला एक सुंदर दृष्टांत आहे. एक राजा एका मुलखात आला आणि म्हणाला, मी तुमच्यावर राज्य करू का? लोक म्हणाले, तू आमचं काय भलं केलंस की राज्य करावंस? मग त्यानं काय केलं, त्यांच्यासाठी तटबंदी बांधली, पाणी आणलं, त्यांच्या लढाया लढला. आणि मग पुन्हा विचारलं, राज्य करू का? लोक म्हणाले, हो, हो. तसं देवानं त्यांना मिसरातून काढलं, समुद्र दुभंगला, मान्ना (आकाशातून पडलेलं अन्न) खाऊ घातला, आणि मग विचारलं. त्याच भाष्यात दुसरा दृष्टांत, राजाचे सेवक म्हणतात हुकूम काढा, राजा म्हणतो थांबा, आधी माझं राज्य मान्य करू देत, राज्यच मान्य नसेल तर हुकूम कसे मानतील? नंतरच्या काळात रामबान (हा वेगळा, नाहमानिदेस, जन्म ११९४) याच दृष्टांताच्या आधारावर सांगतो की जुन्या यादीत हे का मोजलं नाही. ६१३ हे हुकूम आहेत, आणि 'मी तुझा देव' हे राज्य स्वीकारणं आहे, ज्या जमिनीवर घर बांधलं ती जमीन घराच्या खोल्यांत मोजत नाहीत.

(जमिनीची उपमा माझी, दृष्टांत त्यांचा.)

आणि पाणी आणलं हे वाचून मी थांबलोच. आमच्याकडे ज्यानं गावात पाणी आणलं त्याला लोक तीन पिढ्या विसरत नाहीत. तिथे 'तो माणूस अस्तित्वात आहे असं तुम्ही मानता का' असं कुणी विचारत नाही.

नदीकाठ

याला जोडूनच. हिब्रूत श्रद्धेला शब्द आहे 'एमुना', आमेन त्याच धातूचा, अरबी ईमानही. तोरात हा शब्द एके ठिकाणी कसा येतो बघा, 'निर्गम' पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात. अमालेकांशी लढाई चाललीय, मोशे टेकडीवर हात वर करून उभा, हात वर असले की इस्राएलची माणसं जिंकतात, खाली आले की हरतात. हात भरून आले. मग खाली धोंडा ठेवून त्याला बसवलं, एका बाजूनं अहरोननं आणि दुसऱ्या बाजूनं हूरनं हात धरून ठेवले, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहिले. म्हणजे स्थिर, न ढळणारे. तिथे विश्वास असा अर्थ लावूच शकत नाही.

माझ्या मते 'एमुना'ला आपला शब्द 'विश्वास' नाही, 'निष्ठा' आहे. आणि निष्ठेची आज्ञा देता येते.

दर्याकिनारी

इतके दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, मूळ घर अलिबागजवळ, आता ठाण्यात. धागा वाचून खूप बरं वाटलं, आमच्या धर्मावर मराठीत एवढं खोलात कुणी बोलताना मी क्वचितच पाहिलंय.

आमच्या लोकांकडे कित्येक पिढ्या तालमूद नव्हतं, रब्बी नव्हते, हिब्रू जवळजवळ गेलेली. कोकणात घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर असलेलीच मासळी. आणि प्रार्थना म्हणून एकच वचन टिकलं, शमा. 'ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच.' जन्माला, लग्नाला, मयताला तेच म्हणायचे. सणांची जुनी नावंसुद्धा बघा, बिरड्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, म्हणजे दारं लावून घरात उपास करायचा. नावात काय करायचं, काय खायचं एवढंच.

वरती रामबामचं एवढं बोलणं झालं म्हणून सांगते. त्यानं म्हातारपणी फ्रान्समधल्या लुनेलच्या पंडितांना पत्र लिहिलं, त्यात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख आहे: त्यांना तोरा माहीत नाही, धर्मातलं त्यांच्याकडे एवढंच, ते शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे नक्की आमचेच लोक का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्यानं जाणणं ही पहिली आज्ञा धरली त्यानंही आम्हाला ज्यू म्हणून ओळखलं ते या दोन कृतींवरून. त्याचा सख्खा भाऊ दाविद हिंदुस्थानाकडे व्यापाराला येताना समुद्रात बुडाला आणि रामबाम वर्षभर अंथरुणाला खिळला होता, त्यामुळे हिंदुस्थान हा शब्द लिहिताना त्याच्या मनात काय आलं असेल असं मला नेहमी वाटतं.

आणि १९६० च्या सुमारास इस्राएलमध्ये आमच्या लोकांच्या लग्नांवर तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली, मोर्चे निघाले, १९६४ मध्ये संसदेनं आम्ही सर्व बाबतीत ज्यू आहोत असं जाहीर केलं, तेव्हा वाद होता तो घटस्फोट आणि पुनर्विवाहाचे नियम पूर्वजांनी पाळले होते का, याचा. देव मानता का, हे वादातच नव्हतं. आमच्या घरच्यांना त्या अपमानाचं दुःख अजून आहे, पण या धाग्यासाठी मुद्दा हा.

वाटसरू_नाशिक

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम झालं. एक विचारू? तुमच्या घरी 'एमुना'ला मराठीत काय म्हणायचे?

दर्याकिनारी

शब्द वापरलेलाच आठवत नाही हो. माझी आजी शमा म्हणायला उजव्या हातानं डोळे झाकायला लावायची. मी सहा-सात वर्षांची असेन, बोटांच्या फटीतून बघायचे, तर ती स्वतःचे डोळे न उघडता म्हणायची 'हात घट्ट'. एवढंच. कशासाठी ते कधी सांगितलं नाही. मिश्नात म्हटलंय की शमा आधी का, तर माणसानं आधी स्वर्गाच्या राज्याचं जू घ्यावं आणि मग आज्ञांचं, हे मला चाळिशीत वाचून कळलं.

मावशी अश्दोदला असते, शुक्रवारी दिवा लावायच्या आधी फोन करते. तिला जुनी मराठी प्रार्थनापुस्तकं वाचायची सवय होती, मी तिला शब्द विचारते आणि इथे लिहिते.

नदीकाठ

नक्की लिहा. शनिवारी रात्री पुन्हा येऊन बघतो.